कानउघाडणी आणि कटकट

छत्रपती संभाजीनगरात गुलमंडीजवळ आमचे घर. नळाला पाणी यायच्या आदल्या रात्रीपासून आई हंडे घासून ठेवायची आठवण करी. आम्ही त्याला कटकट म्हणत असू. एकदा पाणी भरायचे राहिले, तेव्हा दादा तेच बोलले, फक्त वरच्या पट्टीत. ती मात्र कानउघाडणी ठरली. मजकूर एक, नावे दोन. असे का, हे शोधताना दाते-कर्व्यांचा ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’ (१९४२, १९४७) बरेच दिवस उशाशी होता. कोशात अर्थ मिळतो. कोण कोणाला बोलतो, हे बहुधा आपले आपणच जुळवावे लागते.

वरून खाली बोलण्याची आपली शब्दसंपदा हत्यारांची आहे. खरडपट्टी काढतात, सालटी काढतात, बिनपाण्याने हजामत करतात, धारेवर धरतात. एकाच्या हातात काहीतरी धारदार आहे आणि दुसरा मान खाली घालून बसलेला आहे. उलट खालून वर जाणारे बोलणे पाहा : कटकट, किरकिर, कुरकुर, भुणभुण, पिरपिर. सगळे नुसते आवाज. माशी भुणभुणते तेव्हा तिला काय म्हणायचे आहे, असे कोणी विचारत नाही. तोंडाची टकळी चालते म्हणतात तिथे एक अवजार सापडते खरे, पण तेही सूत कातायचे. हा भेद निव्वळ बाई-पुरुषाचा नाही. किरकिर तान्हे मूल करते, कुरकुर गडीमाणसेही करतात. ज्याच्या बोलण्याला घरात वजन नाही, त्याच्या वाक्याचा आवाज होतो.

बरोबरीच्या माणसाला शालजोडीतले देतात. त्यातला ‘जोडे’ हा शब्दच गाळलेला असतो. म्हणजे वाक्प्रचार जे सांगतो तेच स्वतः करतो. हिमरू शालींच्या गावात राहून हे लक्षात यायला मला पन्नाशी गाठावी लागली. इंग्रजीत पाय ओढला की थट्टा होते, आपल्याकडे पाय ओढला की वर चढणारा खाली येतो. भाषांतरकारांनी एवढे जपावे.

आमच्या नळाला पाणी येते ते पैठणच्या जायकवाडीतून. त्याच पैठणच्या एकनाथांनी सोळाव्या शतकात ‘भवानीआई’च्या भारुडात सुनेला सासरच्या एकेका माणसाविषयी बोलू दिले. आपण ते रूपक म्हणून उलगडतो, आणि ते बरोबरच आहे. पण रूपकासाठी त्यांनी सुनेचे गाऱ्हाणे निवडले आणि ते ऐकायला एक देवी उभी केली, याची दखल आमच्या अभ्यासकांनी फारशी घेतलेली नाही.

मीही घेतली नव्हती. काही वर्षांपूर्वी एका स्त्रीच्या आत्मकथनावर मी परीक्षण लिहिले आणि त्याला ‘रडगाणे’ म्हटले. पुन्हा आवाजाचाच शब्द. त्याच अंकात एका लेखकाच्या तशाच पुस्तकाला मी ‘परखड’ म्हटले होते. कात्रण फायलीत आहे. परवा ते आत्मकथन पुन्हा काढले. पहिल्या तीस पानांत रडणे कुठे सापडले नाही. सापडला तो हिशेब : किती भाकरी, किती माणसे, विहिरीच्या किती खेपा.