ऑनलाइन अभ्यासक्रमाचा स्टोरीबोर्ड : नियोजन व समीक्षण यांची चिकित्सा

महाविद्यालयीन अध्यापकाकडे अलीकडच्या काळात ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या लेखनाचे व परीक्षणाचे काम येऊ लागले आहे. ९ जुलै २०१७ रोजी सुरू झालेल्या ‘स्वयम्’ मंचाने दृक्‌श्राव्य पाठ, वाचनसाहित्य, चर्चा व स्वयंमूल्यमापन असा चतुर्विध आराखडा रूढ केला. या मंचावरील अभ्यासक्रमांना विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या विनियमांनी सत्रातील २० टक्क्यांपर्यंत मान्यता दिली. २०२१ मध्ये ही मर्यादा ४० टक्के झाली. दृक्‌श्राव्य पाठ सदोष राहिल्यास त्याचा परिणाम आता थेट विद्यार्थ्याच्या श्रेयांकांवर होतो. म्हणून चित्रीकरणापूर्वी तयार होणाऱ्या स्टोरीबोर्डची चिकित्सा अगत्याची ठरते.

स्टोरीबोर्ड हा प्रकार मूळचा चित्रपटाचा. १९३० च्या दशकात वॉल्ट डिस्ने यांच्या स्टुडिओत प्रसंगांची रेखाचित्रे क्रमाने फळ्यावर टाचली जात. कथा सर्वांना एकत्र पाहता येई आणि न जमलेले चित्र टाचणी काढून बाजूला करता येई. ‘काढून टाकण्याची सोय’ हेच या साधनाचे खरे सामर्थ्य होय. शिक्षणक्षेत्रात आल्यावर मात्र त्याचा तक्ता झाला. दृश्य, निवेदन, पडद्यावरील मजकूर, विद्यार्थ्याची कृती असे रकाने भरले जातात; आणि भरलेला रकाना रिकामा करण्यास कोणी सहसा धजावत नाही.

अर्थशास्त्रातील मागणीचे प्रकरण या दृष्टीने उद्‌बोधक आहे. वस्तूची किंमत ४० रुपयांवरून ३० रुपयांवर आली की ग्राहक त्याच मागणी वक्रावर खालच्या बिंदूकडे सरकतो; हा मागणीतील विस्तार. किंमत तीच राहून उत्पन्न वाढले तर संपूर्ण वक्रच उजवीकडे सरकतो. ही मागणीतील वृद्धी. बोली मराठीत दोहोंनाही ‘मागणी वाढली’ असेच म्हणतात. निवेदनाच्या रकान्यात लेखकाने दोन्ही ठिकाणी ‘मागणी वाढते’ असे लिहिले आणि दृश्याच्या रकान्यात ‘मागणी वक्राची आकृती’ एवढीच सूचना दिली, तर काय होईल? आकृती काढणारा चित्रकार अर्थशास्त्राचा जाणकार नसतो; तो एकच आकृती दोनदा वापरील. विषयतज्ज्ञ केवळ निवेदन वाचील आणि त्याला चूक आढळणार नाही. भाषातज्ज्ञ ऱ्हस्व-दीर्घ तपासून स्वाक्षरी करील. प्रत्येकाने आपापला रकाना प्रामाणिकपणे तपासूनही विद्यार्थ्यापर्यंत नेमकी ती संकल्पना पोहोचणार नाही, कारण दोष कोणत्याच एका रकान्यात नसून दोन रकान्यांच्या मधल्या रेघेवर आहे. समीक्षकाने स्टोरीबोर्ड उभा न वाचता आडवा वाचला पाहिजे, तो याचसाठी. ‘हे वाक्य ऐकू येत असताना पडद्यावर नेमके काय हलते?’ हा प्रश्न प्रत्येक चौकटीला विचारावा लागतो.

पडद्यावरील मजकुराविषयीही असाच यांत्रिक दृष्टिकोन दिसतो. चित्र व निवेदन असताना तेच शब्द पडद्यावर छापल्यास अध्ययनाला सहसा बाधा येते, हे रिचर्ड मेयर यांच्या संशोधनातून पुढे आलेले तत्त्व आहे. ते मान्य करूनही, मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला इंग्रजी निवेदन ऐकावे लागत असेल तर पारिभाषिक शब्द डोळ्यांसमोर असणे त्याला उपकारकच ठरते. मेयर यांनीही परभाषेतून शिकणाऱ्यांच्या बाबतीत या तत्त्वाला मर्यादा मानली आहे. तत्त्वाचा आधार घेऊन सरसकट मजकूर खोडणारा समीक्षक आणि संपूर्ण व्याख्यान पडद्यावर उतरवणारा लेखक, दोघेही विद्यार्थी कोण आहे हे विसरलेले असतात.

नियोजनाचा क्रमही तपासण्याजोगा आहे. मूल्यमापनाचे प्रश्न अखेरीस, बहुधा घाईत, जोडले जातात. त्यामुळे ‘मागणीचा विस्तार म्हणजे काय?’ असा पाठांतराचा प्रश्न हाती लागतो. प्रश्न आधी ठरला असता तर दोन प्रसंग देऊन ‘बिंदू सरकवावा की वक्र?’ असे विद्यार्थ्यालाच ठरवू देता आले असते, आणि दृश्याच्या रकान्यातील संदिग्ध सूचना लेखकाच्या स्वतःच्याच लक्षात आली असती. ध्वनिमुद्रण झाल्यावर हीच त्रुटी दुरुस्त करायची म्हणजे निवेदक, ध्वनी व आकृती हे सर्व पुन्हा करावे लागते. तेव्हा परीक्षण समितीपुढे प्रथम केवळ प्रश्न व कच्च्या आकृत्या ठेवाव्यात, निवेदन दुसऱ्या बैठकीत यावे, आणि ‘विद्यार्थ्याची कृती’ या रकान्यात ‘लागू नाही’ असे लिहिलेली चौकट पहिल्याच बैठकीत लेखकाकडे परत जावी.