मोजपट्टीचे रूपक आणि मायक्रोआरएनएची ओळख : एक चिकित्सा

प्रस्तावना :
जनुकांच्या अभिव्यक्तीचे नियमन करणारे मायक्रोआरएनए साधारणतः २२ न्यूक्लिओटाइड लांबीचे असतात. त्यांच्या शोधाबद्दल व्हिक्टर अ‍ॅम्ब्रोस व गॅरी रुवकुन यांना २०२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. एवढा लहान तुकडा लांब आरएनएमधून अचूक कसा कापला जातो, हे सांगताना ‘प्रथिन मोजपट्टीचे काम करते’ असे म्हटले जाते. या रूपकाचे बळ व मर्यादा तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

रूपकाचे बळ :
निरनिराळ्या मायक्रोआरएनएंचे क्रम भिन्न असूनही त्यांना कापणारी प्रथिने मात्र तीच असतात. अर्थात ही ओळख मुख्यतः अक्षरांची नसून आकाराची आहे. दुमडलेल्या आरएनएचा दुपदरी दांडा, त्याच्या टोकाचा फास आणि तळाशी सुटे झालेले धागे ही त्या आकाराची अंगे होत. २००६ मध्ये जिआर्डिया या आदिजीवातील डायसर प्रथिनाची स्फटिकरचना प्रसिद्ध झाली. आरएनएचे टोक धरणारा भाग व कापणारे केंद्र यांतील अंतर सुमारे ६५ अँगस्ट्रॉम, म्हणजे २५ आधारजोड्यांइतके आढळले. हे डायसर तयार करीत असलेल्या तुकड्यांची लांबीही जवळपास तेवढीच असते. येथे रूपक सार्थ ठरते.

मर्यादा :
तथापि त्या स्फटिकात आरएनए नव्हता; तो प्रतिकृतीत बसविलेला होता. कापण्याच्या स्थितीतील मानवी डायसरची रचना २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा कापाजवळील विशिष्ट आधारही ओळखले जातात असे दिसले. म्हणजे केवळ लांबी पुरेशी नाही.

केंद्रकातील पहिल्या कापाचे उदाहरण अधिक बोलके आहे. तळाच्या सांध्यापासून सुमारे ११ आधारजोड्यांचे अंतर डीजीसीआर८ मोजत असावे, असे २००६ मध्ये सोल येथील नॅरी किम यांच्या प्रयोगशाळेने सुचविले. त्याच प्रयोगशाळेने २०१५ मध्ये हे अंतर ड्रोशा मोजते असे दाखविले. २०२० मधील आरएनएसह मिळालेल्या रचनांतही ड्रोशा दांड्याच्या खालच्या, तर डीजीसीआर८ वरच्या भागाला धरून असल्याचे आढळले. शास्त्रज्ञांनी ‘असावे’ म्हटले होते. रूपकाने त्याचे ‘आहे’ केले, तर दोष रूपकाच्या वापराचा आहे, संशोधनाचा नव्हे.

शिवाय तळाशी यूजी, फासाजवळ यूजीयू अशा खुणाही ओळखीस साहाय्य करतात. पण त्या प्रत्येक मायक्रोआरएनएच्या पूर्वरूपात नसतात. अनेक दुर्बल खुणांची बेरीज हीच येथील अचूकता होय. एकाच हाती मोजपट्टी देणारे रूपक नेमके हेच झाकते.

निष्कर्ष :
मोजपट्टीचे रूपक त्याज्य नाही; ते अध्यापनाचा आरंभ असावे, शेवट नव्हे. ‘अंतर कोण मोजते?’ या प्रश्नाचे एका शब्दातील उत्तर मान्य करण्याऐवजी ‘ते कोणत्या पुराव्यावरून कळले?’ असे विद्यार्थ्यास विचारणे अधिक शास्त्रीय ठरेल.