खांब मोजून वाडा कळत नाही

जुना वाडा पाहायला गेलेला माणूस आधी मान वर करतो. सुरूच्या झाडासारखा निमुळता खांब, दोन खांबांमधली महिरप, तिला लोंबणारे लाकडी केळफूल. यांची छायाचित्रे घेतो आणि निघतो. मीही कित्येक वर्षे हेच करत होतो. मी शिक्षणाने वास्तुरचनाकार नाही. नोकरी सांभाळून रविवारी जुन्या घरांच्या नोंदी करणारा माणूस आहे. माझ्या पहिल्या चार वह्यांत खांबांची संख्या आहे, कोरीवकामाची वर्णने आहेत, मालकांच्या वंशावळी आहेत. त्या वह्यांवरून एकाही घराचा साधा नकाशा काढता येणार नाही, हे फार उशिरा लक्षात आले.

ते लक्षात आणून दिले एका वृद्ध सुताराने. पुण्यातल्या एका पेठेत वाडा उतरवण्याचे काम चालले होते. मी टेप धरून फूट आणि इंच लिहीत होतो. तो म्हणाला, "साहेब, फुटात कशाला मोजता? खण मोजा." खण म्हणजे दोन खांबांमधले किंवा दोन तुळयांमधले अंतर. मिळणारे लाकूड किती लांबीचे आणि ते किती भार पेलते, यावरून खण ठरतो. खणांवरून खोली ठरते आणि खोल्यांवरून चौक. म्हणूनच पाच खणी सोपा म्हटले की जाणत्याच्या डोळ्यांपुढे जागा उभी राहते. घराचा भार लाकडी सांगाड्यावर असतो, भिंत बऱ्याच ठिकाणी केवळ मधली जागा भरते. मी खांब मोजत होतो, आणि वाडा बांधणाऱ्याने मोजली होती खांबांमधली मोकळी जागा.

वास्तुरचनेचे मूलघटक शिकण्यासाठी आज जगभर फ्रान्सिस चिंग यांचे १९७९ साली आलेले 'आर्किटेक्चर : फॉर्म, स्पेस अँड ऑर्डर' हे पुस्तक वापरतात. बिंदू, रेषा, प्रतल, घनाकार अशी त्याची चढती मांडणी आहे. पुढे प्रवेश, मार्ग, प्रमाण, रचनाक्रम येतात. हे पुस्तक मी शब्दकोश शेजारी ठेवून वाचले आणि त्याचा मी ऋणी आहे. खांबांची रांग भिंत नसतानाही जागा वेगळी करते, हे त्यातून कळल्यावर ओसरी मला पहिल्यांदा 'दिसली'. तरीही एक प्रश्न उरतो. मार्ग कसा वळतो हे चिंग दाखवतात. त्या मार्गाने कोणी जायचे आणि कोणी थांबायचे, हा त्यांच्या पुस्तकाचा विषय नाही. वाड्याच्या बाबतीत मात्र तोच मुख्य विषय आहे.

वाड्यात शिरण्याचा क्रम आठवून पाहा. मोठ्या दरवाजातली दिंडी, दोन्ही बाजूंच्या देवड्या, मग पहिला चौक, चौकाभोवतीची ओसरी किंवा सोपा, आत माजघर, त्यामागे स्वयंपाकघर आणि मागचा चौक. चौकात लख्ख ऊन, ओसरीवर अर्धी सावली, माजघरात अंधार. रस्त्याकडे पाठ फिरवलेल्या या घराला उजेड आणि वारा चौकातूनच मिळतो. पावसाचे पाणीही तिथेच उतरते. चौक बंद केला तर माजघर गुदमरते, एवढे हे भाग एकमेकांत गुंतलेले आहेत.

पण हाच क्रम माणसांची वर्गवारीही करतो. कामाला आलेला देवडीपाशी थांबे, पाहुणा ओसरीवर बसे, माजघरात घरचेच माणूस जाई, आणि काहींना तर दिंडीच्या आतही पाऊल टाकता येत नसे. प्रत्येक उंबरठ्यावर जात विचारली जाई. बाई आहे की पुरुष, हेही पाहिले जाई. त्याच पेठेतल्या वाड्यात शेवटपर्यंत राहिलेल्या आजींनी मला सांगितले, "पुढच्या दाराने मी आले ती नवरी म्हणून. नंतर पाण्याला, देवळात, माहेरी, सगळीकडे मागच्या दारानेच." माझ्या चार वह्यांत पुढच्या दरवाजाचे दीड पान वर्णन आहे. मागच्या दाराची नोंदच नाही.

वाड्यांवरच्या आपल्या बहुतेक लेखनाबद्दल माझी हीच तक्रार आहे, आणि तिच्यात मी स्वतःही आलो. कोणी बांधला, किती खर्च आला, नक्षी कशी, एवढ्यावर लेख संपतो. शनिवारवाड्याचेच पाहा. १७३० मध्ये पाया घातलेला हा वाडा १८२८ च्या आगीत जळाला. आज आत प्रामुख्याने जोतीच उरली आहेत. "आत पाहण्यासारखे काही नाही" म्हणत लोक बाहेर पडतात. वास्तविक तिथे नकाशाच जमिनीवर उघडा पडला आहे. कोणता चौक कोणत्या दालनाला जोडला होता, हे चालत चालत वाचता येते. आपल्याला ते वाचायला कोणी शिकवले नाही, इतकेच.

मूलघटक ओळखण्याची एक साधी कसोटी मी आता वापरतो: तो भाग मनातल्या मनात काढून पाहायचा. महामार्गालगतच्या एका 'वाडा शैली'च्या हॉटेलात मी ही कसोटी लावली. लाकडी खांब काँक्रीटच्या स्लॅबला नुसते टेकवलेले, चौकावर पारदर्शक छत, खाली वातानुकूलन. खांब काढले तरी काही पडणार नाही, चौक काढला तरी कोणी गुदमरणार नाही. ती सजावट आहे.

याच्या उलट उदाहरण नवी मुंबईतले. चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात बेलापूरला आखलेल्या वसाहतीत एकही महिरप नाही. तिथे सात घरे सुमारे आठ मीटर लांबरुंद चौकाभोवती बसवली आहेत. असे तीन गट मिळून एकवीस घरांना त्याहून मोठा चौक मिळतो. घरांच्या भिंती सामाईक नाहीत, म्हणून ज्याला जेव्हा जमेल तेव्हा त्याने आपले घर वाढवावे. पुढे अनेकांनी मूळची घरे पाडून उंच बांधली, पण चौकाची कल्पना त्यातूनही टिकली. वाड्यात एका कुटुंबाचा असलेला आणि इतरांना बाहेर ठेवणारा चौक इथे सात कुटुंबांच्या मधे आला. घटक जुनाच, पण तो कोणाला जोडतो हे बदलले. वास्तुरचनेची समीक्षा इथून सुरू व्हावी, असे मला वाटते.

वाडे पडत आहेत आणि सगळे वाचवता येणार नाहीत. निदान पडण्यापूर्वी त्यांची नोंद तरी नीट व्हावी. नक्षीदार खांब विकत घेणारे पुष्कळ असतात, तो कुठल्या तरी दिवाणखान्यात टिकून राहील. कोण कुठपर्यंत येई, हे मात्र त्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांबरोबर जाईल. माझ्या पाचव्या वहीत त्या वाड्याचा नकाशा आहे, खणांत मोजलेला. सरळ रेषा काढायला माझा हात अजून बसलेला नाही. पण आजींच्या वाटेवर मी बाण काढले आहेत, स्वयंपाकघरापासून मागच्या चौकातून मागच्या दारापर्यंत.