आजी ‘पडली’ नाही, ‘घसरली’

‘पीएचडीला तयार डेटा वापरला तर चालतो का?’ असं बरेच जण विचारतात. चालतो. मीही तेच करतेय. पण आधी प्रश्नावली वाचा, आणि वाचून झाली की घरातल्या कुणाला तरी ती विचारून बघा.

माझा डेटा ‘लासी’चा, म्हणजे लाँगिट्युडिनल एजिंग स्टडी इन इंडियाचा. पहिली फेरी २०१७-१८ मध्ये झाली, अहवाल जानेवारी २०२१ मध्ये आला. ४५ वर्षं आणि त्यावरचे लोक व त्यांचे जोडीदार अशा सुमारे ७२ हजार जणांची माहिती त्यात आहे. देवनारच्या आयआयपीएसने हार्वर्ड आणि सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठांसोबत केलेलं हे काम खरोखर मोठं आहे. ते नसतं तर माझा विषयच उभा राहिला नसता. तरीही एक तक्रार आहे.

सराव म्हणून भिवंडीच्या घरी आजीला विचारलं, ‘गेल्या दोन वर्षांत कधी पडलीस का?’

‘नाही गं.’

मी बघतच राहिले. ‘अगं, मागे मोरीत?’

‘ते घसरले. पडणं वेगळं. खुबा मोडून अंथरुणाला खिळलं, की पडणं.’

जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत माणूस नकळत जमिनीवर किंवा खालच्या पातळीवर आला, की ते पडणंच. म्हणजे आजीचं घसरणं मोजायला हवं. तिच्या उत्तराने ते शून्य झालं. वर म्हणाली, ‘सगळं सांगितलं तर तुम्ही जिना उतरू देणार नाही.’ म्हणजे चूक फक्त शब्दाची नाही, भीतीचीही आहे.

पुढचा प्रश्न फावल्या वेळाचा. पत्ते किंवा बैठे खेळ, बागेत जाणं, सिनेमा, भजन-सत्संग, वाचन, टीव्ही, नातेवाईक-मित्रांकडे जाणं, यातलं काय किती वेळा करता? भजन घेतलंय हे छान. पण आजीची दुपार जाते गोधडीत. लूमवाल्यांकडून आलेल्या चिंध्या निवडायच्या, रंग जुळवायचे, टाके घालायचे. ४ वाजता शेजारच्या खाला येतात. एकीने दोरा ओवायचा, दुसरीने सुनांच्या तक्रारी करायच्या. हा छंद, काम की मैत्री? यादीत गोधडी मला सापडली नाही. आणि आजी हल्ली कुणाकडे जात नाही, म्हणून मित्रांकडे जाण्यापुढे उत्तर येतं ‘कधीच नाही’.

आता खरी गोष्ट. आजी मोरीत घसरली तेव्हा घरात कुणी नव्हतं. ४ वाजता दार उघडलं नाही म्हणून खालांनी आरडाओरडा करून माणसं जमवली. त्या आल्या नसत्या तर आई कामावरून येईपर्यंत आजी ओल्या फरशीवरच राहिली असती. छंद, अपघात आणि मैत्री इथे एकाच दुपारी घडले. डेटात पडणं एका विभागात, विरंगुळा दुसऱ्या, आणि खाला कुठेच नाहीत.

संख्याशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मला यात दोन सापळे दिसतात. पहिला, ‘जे कमी भेटीगाठी करतात ते जास्त पडतात’ हा निष्कर्ष. आजीचं बाहेर जाणं घसरल्यावर बंद झालं. बाण उलटाही असू शकतो. एकाच फेरीच्या डेटातून ते ठरत नाही, तीच माणसं पुन्हा भेटायला हवीत. दुसरा, ज्याच्याकडे खाला येतात त्याचं पडणं चारचौघांत कळतं, एकट्याचं लपून राहतं. मग मैत्री असलेलेच जास्त पडतात असंही दिसू शकेल!

प्रश्नावलीला सगळं विचारता येणार नाही, हे मान्य. लांबली तर माणूस कंटाळून काहीही सांगतो. पण आपण आपल्या व्हेरिएबलला नाव तरी नीट द्यावं. मी ‘पडणं’ खोडून ‘सांगितलेलं पडणं’ लिहिलं, आणि ‘मैत्री’ खोडून ‘मित्रांकडे जाणं’. गाईड म्हणाले, ‘दावा लहान झाला.’ झाला खरा. पण आता तो आजीसमोर वाचून दाखवता येतो.