कृपेचा खर्च कोण भरतं?

मंडळी, मागच्या व्याख्यानानंतर एका बाईंनी आम्हाला दारातच गाठलं. म्हणाल्या, "सर, ज्याला स्वतःचा राग आवरत नाही त्यानं देवाच्या प्रेमावर बोलावं का?" आम्ही काहीतरी गोलमाल उत्तर दिलं. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला गोलमाल उत्तर फार छान देता येतं. बाई हसल्या आणि निघून गेल्या. पण त्यांचा प्रश्न काही गेला नाही, म्हणून आज तोच घेऊन बसलो आहोत. आणि त्यासाठी हातात धरलं आहे लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे आमचा या प्रश्नाशी काय संबंध ते कळेल. आमचे वडील प्रचारक होते. अलिबागपासून खाली मुरूडपर्यंतच्या गावांत पायी आणि पुढे एस.टी.नं फिरायचे. खांद्याला पिशवी, पिशवीत शुभवर्तमानाच्या पुस्तिका, बरोबर एक जुनी बाजाची पेटी. हा किनारा धर्मांच्या बाबतीत मोठा गमतीचा आहे. नागाव-चौलकडे शनिवार पाळणारे तेली, म्हणजे बेने इस्रायल. खाडीपलीकडे कोर्लईत पोर्तुगीजांच्या काळापासूनचे कॅथलिक, घरात आजही स्वतःची पोर्तुगीज वळणाची बोली बोलणारे. पोर्तुगीज 1740 मध्ये गेले, बोली राहिली. आणि इकडेतिकडे विखुरलेली आमच्यासारखी चार प्रोटेस्टंट घरं. वडील गायला लागले की कोळीवाड्यातली माणसं जाळी विणायची थांबवून ऐकायची, इतका गळा चांगला. विषय नेहमी एकच, देवाची कृपा. आणि घरी? घरी मीठ कमी पडलं तरी ताट भिरकावलं जायचं. आईच्या कपाळावर एक व्रण होता. तो कशाचा हे आम्हा भावंडांना ठाऊक होतं, रविवारच्या उपासनेला येणाऱ्या मंडळींना नव्हतं. तेराव्या-चौदाव्या वर्षी आम्ही ठरवून टाकलं की या तोंडातून आलेली कृपा आपल्याला नको.

पुढे तत्त्वज्ञान शिकलो तेव्हा कळलं की हा वाद सोळाशे-सतराशे वर्षांपूर्वीच झालेला आहे. उत्तर आफ्रिकेतल्या ख्रिस्ती मंडळीत छळाच्या काळात काही धर्मगुरूंनी भिऊन पवित्र ग्रंथ सरकारी अधिकाऱ्यांच्या हवाली केले. छळ संपल्यावर प्रश्न आला, अशा माणसानं दिलेला बाप्तिस्मा खरा मानायचा का? डोनाटसचे अनुयायी म्हणाले, मुळीच नाही. 314 साली आर्लच्या परिषदेत निर्णय त्यांच्या विरुद्ध गेला, तरी वाद पुढे शंभर वर्षं धुमसत राहिला आणि शेवटी ऑगस्टीननं त्यावर लेखणी चालवली. त्याचा एक दाखला आपल्या वाड्यांना अगदी लागू पडतो. पाणी दगडी पाटातून जातं, पाटाला त्याचा काही उपयोग होत नाही, पण मळा भिजतो. म्हणजे सांगणारा कोरडा ठणठणीत असला तरी सांगितलेलं फुकट जात नाही. चौल-रेवदंड्याच्या वाड्यांत रहाटाचं पाणी पाटानं सुपारीच्या मुळाशी जाताना ज्यानं पाहिलं असेल त्याला हे समजवावं लागत नाही.

युक्तिवाद बिनतोड आहे. वर्गात आम्ही तो वर्षानुवर्षं शिकवला, मन लावून शिकवला. आणि दर वर्षी तो शिकवताना मनात एक खडा टोचायचा. पाट मध्येच फुटला तर कोणाच्या तरी अंगणात चिखल होतो ना? त्या अंगणाबद्दल ऑगस्टीन काही बोलत नाही. त्याचा प्रश्न पाणी पोचलं की नाही एवढाच आहे.

आता टिळकांकडे येऊ. नारायण वामन टिळक, जन्म 1861, रत्नागिरी जिल्ह्यातलं करजगाव, म्हणजे आपल्याच कोकणातले. 1893 मध्ये आगगाडीत एक युरोपियन गृहस्थ भेटतो, नवा करार हातात ठेवतो, तू दोन वर्षांत ख्रिस्ती होशील म्हणून सांगतो. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा होतो. पुढे अहमदनगरला वास्तव्य, 'ज्ञानोदया'चं संपादन, आणि शेकडो भक्तिगीतं, जी आजही मराठी चर्चमध्ये दर रविवारी म्हटली जातात. ख्रिस्ताला गुरुमाउली म्हणणारा हा कवी. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो असं ते सांगत. त्यांच्यावर जे. सी. विन्स्लोनं 1923 मध्ये इंग्रजीत चरित्र लिहिलं, आदरानं लिहिलं. आदराचं एक असतं, तो घरात शिरताना चपला काढतो आणि स्वयंपाकघरापर्यंत जात नाही.

स्वयंपाकघरातून लिहिलं ते लक्ष्मीबाईंनी. 'स्मृतिचित्रे' 1934 पासून भागाभागांनी आलं. त्यातले टिळक कसे आहेत? तापट. लहरी. न सांगता घर सोडून जाणारे. हातात पैसा आला की तो कोणालातरी देऊन मोकळे होणारे, मग घरात दाणा असो नसो. आणि हे सगळं बाप्तिस्म्याच्या आधीच नाही, नंतरही. आमच्या मते या पुस्तकाची सगळ्यात धाडसी गोष्ट हीच आहे आणि ती पुरेशी कोणी बोलून दाखवत नाही. धर्मांतराच्या कथनाचा एक साचा असतो. आधी अंधार, मग एक तारीख, मग उजेड. बाबा पदमनजींच्या 1888 च्या आत्मचरित्राचं नावच 'अरुणोदय' आहे. पुस्तक महत्त्वाचं आहे, त्याबद्दल वाद नाही, पण नावातच साचा आला. लक्ष्मीबाईंच्या पुस्तकात तारीख आहे, आणि तारखेनंतरही नवरा तोच आहे. राग तोच, धांदल तीच, औदार्यही तेच. बदललं आहे ते कुठेतरी खोल, आणि तेही इतकं हळू की चार भाग वाचावे लागतात.

टिळकांच्या गीतांत आपण अपात्र आहोत ही कबुली आहेच. वारकरी परंपरेतून ती त्यांच्या हाडीमाशी भिनलेली होती. पण इथे आम्हाला एक तक्रार नोंदवायची आहे, आणि ती टिळकांविरुद्ध नसून अभंगाच्या घडणीविरुद्ध आहे. अभंगात माणसं दोनच, मी आणि देव. मी पापी, तू दयाळू. तिसऱ्याला तिथे पाट मांडलेला नसतो. ज्याच्यावर आपण ताट भिरकावलं तो त्या कबुलीत येतच नाही! तुकोबांच्या गाथेत बायको येते, पण कटकट करणारी म्हणून. आवलीची बाजू आवलीनं लिहिलेली नाही. अपवाद शिऊरच्या बहिणाबाईंचा. नवऱ्याचा मार खाल्लेल्या त्या बाईनं स्वतःच अभंगातून आत्मनिवेदन केलं. लक्ष्मीबाईंचं नातं आम्ही तिच्याशी जोडतो. फरक एवढाच की इथे ज्याचा त्रास झाला तोच कृपेचा गायक आहे. त्यामुळे प्रश्न जास्त अडचणीचा होतो.

टिळक ख्रिस्ती झाल्यावर लक्ष्मीबाई जवळजवळ पाच वर्षं वेगळ्या राहिल्या, मुलाला घेऊन, नातेवाइकांच्या आश्रयानं. तो काळ कसा गेला ते वाचा, आम्ही सारांश सांगणार नाही. पुढे त्या नवऱ्याकडे आल्या तरी चूल आणि सोवळं सांभाळूनच होत्या. ज्या बाईनं लहानपणी वडिलांचं सोवळ्याचं वेड पाहिलं, बाजारातून आलेली जिन्नस धुतली जाताना पाहिली, तिच्या हाडात ते असणारच. तिचं मन फिरलं ते कोणाच्या प्रवचनानं नाही. जात देवानं केली की माणसानं, हा विचार तिच्या मनात उभा राहिला आणि त्याबरोबर सोवळं सुटलं. आधी कोणाच्याही हातचं खायची तयारी झाली, बाप्तिस्मा मागाहून, 1900 मध्ये. धर्मशास्त्राच्या पुस्तकात क्रम उलटा असतो. इथे कृपा आधी पाण्याच्या तांब्यात आली, सिद्धांत मागून धापा टाकत पोचला.

आता मुख्य मुद्दा. आपल्या भाषेत 'कृतज्ञ' हा शब्द आहे. कृत म्हणजे केलेलं, ज्ञ म्हणजे जाणणारा. आभार मानणं हा अर्थ नंतरचा. मुळात जे केलं गेलं ते जाणणं. उपकारासाठी आपण तो राखून ठेवला, पण शब्द तेवढा अरुंद नाही. लक्ष्मीबाई या अर्थानं कृतज्ञ आहेत. टिळकांनी जे केलं ते सगळं त्या जाणतात. शिकवलं, कविता ऐकवल्या, परक्याची पोरं घरात आणून आई व्हायला लावलं, बालकवींसारख्या कवीला घरात जागा दिली. आणि रडवलं, उपाशी ठेवलं, टाकून गेले. एकही रक्कम खोडलेली नाही. देवाच्या कृपेबद्दल त्या ज्या खात्रीनं बोलतात ती आम्हाला पटते, ती याच कारणानं. जो हिशेब लपवतो त्याची क्षमा स्वस्त असते. शुभवर्तमानांतही पेत्रानं तीनदा नाकारल्याची गोष्ट चारही जणांनी ठेवलीच ना? मंडळीचा पुढारी झालेल्या माणसाची ही गोष्ट सोयीनं गाळता आली असती.

कोणी म्हणेल, बाई इतकं हसून लिहितात की नवऱ्याला फार सहज सोडून देतात. आम्हालाही पहिल्या वाचनात तसंच वाटलं होतं, थोडा रागही आला. आता वाटत नाही. त्यांचं हसू झाकण घालणारं नाही, झाकण उघडणारं आहे. रडून सांगितलं असतं तर आपण टिळकांना दोषी ठरवून पुस्तक मिटलं असतं. हसल्यामुळे आपल्याला तिथेच थांबावं लागतं, त्या घरात, त्या माणसाबरोबर. तरीही हे मान्य करतो की काही ठिकाणी आम्हाला त्यांनी जास्त चिडायला हवं होतं. ही आमची उणीव असेल, किंवा आमच्या आईच्या कपाळाची.

टिळकांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही त्यात यावेत ही कल्पना. दोन वर्षांतच, 9 मे 1919 रोजी ते गेले. 'ख्रिस्तायन' सुरुवातीच्या दहा-अकरा अध्यायांवर थांबलं होतं. ते पुढे नेलं कोणी? लक्ष्मीबाईंनी. शाळेत न गेलेल्या बाईनं, उतारवयात, ओवीबद्ध, पुढचे बहुतेक सगळे अध्याय. काव्य म्हणून ते सगळीकडे सारखं उतरलेलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं; पुष्कळ ठिकाणी कथा पुढे ढकलण्यापलीकडे ओवी काही करत नाही. पण ज्यानं त्रास दिला त्याचंच अर्धं राहिलेलं गाणं पुरं करायला बसणं, यावर आम्ही फार विचार केला आहे. हे पतिव्रतेचं काम म्हणून सोडून देऊ नका. त्यांना ते गाणं टिळकांचं वाटत नव्हतं, पाणी पाटाचं नव्हतं. आणि चिखल कुठे झाला होता हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं.

वडील गेल्यावर त्यांची पेटी विकून टाकावी असं आम्ही आईला सुचवलं होतं. आवाजात कुत्सितपणा असणार. आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं भाता दुरुस्त करायला दिला आणि मग कितीतरी वर्षं, दुपारी सगळे झोपले की, दोन बोटांनी वडिलांची गीतं वाजवत बसायची. गळा नव्हता, म्हणून गायची नाही. एकदा आम्ही विचारलं, "तुला त्यांचा राग नाही येत?" म्हणाली, "येतो की." आणि पुढची ओळ शोधायला लागली.

त्या बाई आज आल्या आहेत का? मागे बसल्यात वाटतं. आम्ही तुमच्या प्रश्नाला उत्तर दिलंय असं आम्हाला वाटत नाही. माइक त्यांच्याकडे द्या, त्यांनाच बोलू दे.