बखरींतील सलुखाची बाजू

मराठी बखरवाङ्मयाची थोरवी सांगताना त्यातील युद्धवर्णनांचा गौरव करण्याचा प्रघात आपल्याकडे फार दिवसांचा आहे. पाठ्यपुस्तकांत जे उतारे घेतले जातात ते बहुधा रणभूमीवरचे. वक्तृत्वस्पर्धेत मुले जी वाक्ये आवेशाने म्हणतात तीही तिथलीच. हा गौरव अस्थानी आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु बखरींचे खरे नाट्य पुष्कळदा लढाईपूर्वीच्या खलबतांत असते, आणि ते रंगविताना बखरकाराची लेखणी नेहमी एकाच पारड्यात वजन टाकते, इकडे टीकाकारांचे द्यावे तितके लक्ष गेलेले नाही.

शाहू महाराजांच्या दरबारातील प्रसिद्ध वाद घ्या. उत्तरेत स्वारी करावी की आधी दक्षिणेत घर सावरावे, असा प्रश्न होता. पहिला पक्ष बाजीरावांचा, दुसरा श्रीपतराव प्रतिनिधींचा. मल्हार रामराव चिटणिसांनी घटनेला पाऊण शतकाहून अधिक काळ लोटल्यावर लिहिले आणि पुढे ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासात या वादाला स्थान दिले. या भाषणांतील शब्द दरबारात खरोखर उच्चारले गेले असतील असे कोणी जाणता आज मानीत नाही. पण वाङ्मय म्हणून पाहिले तरी एक उणीव डोळ्यांत भरते. बाजीरावांना बखरीने वक्तृत्व दिले. प्रतिनिधींना केवळ भीती दिली. निजाम शेजारी बसलेला, खजिना रिता, कोल्हापूरचे दुसरे छत्रपती त्याला सामील होऊ पाहणारे. ही सारी कारणे भक्कम होती. चांगल्या नाटककाराने पराभूत पक्षालाही आपली बाजू मांडण्याची पुरती संधी दिली असती.

गंमत अशी की स्वतः बाजीरावांचे वर्तन बखरीतील बाजीरावांहून शहाणपणाचे होते. १७२८ च्या फेब्रुवारीत पालखेडजवळ त्यांनी निजामाला कोंडले, त्याचे दाणापाणी तोडले, आणि मोठी कत्तल न करता ६ मार्च रोजी मुंगी-शेवगावचा तह पदरात पाडून घेतला. शाहू महाराजांचा चौथ-सरदेशमुखीचा हक्क निजामाने मान्य केला. तलवार इथे सलुखाची दासी होऊन वावरते. एवढे सुंदर कथानक गोदाकाठी घडले. पण त्यात रक्ताचे पाट नाहीत म्हणूनच की काय, आमच्या ललित लेखकांना त्याने फारसा मोह घातला नाही.

भाऊसाहेबांच्या बखरीचा दर्जा निराळा. तिची भाषा मराठी गद्याचे लेणे आहे याविषयी दुमत नाही. नजीबखानास वाचविण्याचा सल्ला देणारे मल्हारराव होळकर या बखरीत ज्या रीतीने बोलतात ते अविस्मरणीय आहे. शत्रूची शेवटची मुळी उपटली की धन्याला सरदारांची गरज उरणार नाही, हा त्यांच्या बोलण्यातील मथितार्थ. मात्र परिणाम असा होतो की तडजोडीची भाषा बोलणारा मनुष्य वाचकाला आपोआप स्वार्थी वाटू लागतो. सलूख म्हणजे कपट, आणि समशेर म्हणजे निष्ठा, हे समीकरण इथून आमच्या मनात जे घट्ट बसले ते अद्याप निघालेले नाही.

याच प्रसंगाची दुसरी बाजू पाहावयाची तर काशीराजाकडे जावे लागते. हा मराठी ब्राह्मण शुजाउद्दौल्याच्या पदरी होता. त्याने पानिपतानंतर सुमारे वीस वर्षांनी फारसीत आपला वृत्तान्त लिहिला. तहाची बोलणी त्याच्या डोळ्यांदेखत, कित्येकदा त्याच्याच हातून चालली होती. त्यात अब्दाली हिंदुस्थानी सरदारांना जे सांगतो ते राजनीतीच्या अभ्यासकाने जपून ठेवावे असे आहे. बोलणी तुम्ही खुशाल करा, युद्धाचा अधिकार मात्र माझ्या एकट्याचा, असा त्याचा आशय. युद्ध कोणी करावयाचे आणि तह कोणी करावयाचा, हे दोन अधिकार एका छावणीत असे वेगळे झाले. शुजाला सलूख हवा होता, नजीबाला नको होता, आणि सलूख बारगळला. काशीराजाच्या कथनात आवेश नाही, अलंकार नाहीत. तरीही १४ जानेवारी १७६१ ची पहाट उजाडण्यापूर्वीचा ताण त्याच्या कोरड्या वाक्यांत आम्हांस अधिक जाणवतो.

मराठ्यांच्या बाजूला अडचण उलट होती. आज्ञापत्राने राजाला प्रधानाचा अंकुश सांगितला होता. पण १७४९ च्या डिसेंबरात शाहू महाराज वारले, पुढील वर्षी सांगोल्याला सत्ता पेशव्यांच्या हाती एकवटली, आणि पेशव्याला अडविणारे कोणी राहिले नाही. त्र्यं. शं. शेजवलकरांचा १९६१ चा ग्रंथ भाऊसाहेबांची कैफियत समर्थपणे मांडतो. त्यांची सहानुभूती आम्हांस पटते. तथापि उदगीरला ३ फेब्रुवारी १७६० रोजी निजामाकडून साठ लाखांचा मुलूख मिळविणारा सेनापती पानिपतावर तहात काय सोडू शकत होता, कोणाला विचारून सोडू शकत होता, या प्रश्नाला याहून अधिक पाने मिळावयास हवी होती.

हा प्रश्न आम्हां निजामी मुलखात वाढलेल्यांना निव्वळ ग्रंथगत वाटत नाही. मीर उस्मान अली खान कागदोपत्री निरंकुश होते. तरी १९४७ च्या ऑक्टोबरात जैसे थे कराराच्या बोलणीसाठी दिल्लीला निघालेले त्यांचे शिष्टमंडळ रझाकारांच्या जमावाने हैदराबादेतच अडविले, आणि छतारीचे नवाब पंतप्रधानपदावरून दूर झाले. करार २९ नोव्हेंबरला झाला खरा, पण तो पाळण्याची शक्ती करार करणाऱ्यापाशी उरली नव्हती. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा आत आल्या. निरंकुश राजाला युद्ध टाळता येत नाही, कारण त्याला तह करता येत नाही: बखरकाराला यापेक्षा मोठा विषय कोणता हवा?

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाचा युद्धाधिकार सभागृहाने बांधावा की नाही हा वाद १९७३ च्या कायद्यानंतरही मिटलेला नाही. निक्सन यांचा नकाराधिकार डावलून तो कायदा झाला, आणि त्याने सैन्य धाडल्याची वार्ता ४८ तासांत सभागृहाला देण्याचे बंधन घातले. आपल्या घटनेने सेनादलांचे सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींना दिले, पण त्याचा वापर कायद्याने बांधला. आणि १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने आणीबाणीच्या घोषणेसाठी मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय आवश्यक केला. त्या एका 'लेखी' शब्दात जुन्या वकिलांचे शहाणपण आहे.

आणि बंदूक चालविण्याचा अधिकार केवळ राष्ट्रप्रमुखापाशी असतो असेही नाही. इंद्रवेल्लीत २० एप्रिल १९८१ रोजी जमलेल्या गोंड बांधवांवर गोळीबार झाला. सभेची परवानगी ऐनवेळी नाकारली गेली होती. सरकारी आकडा १३ मृतांचा. इतरांचे आकडे त्याहून पुष्कळ मोठे. त्यांचा स्मृतिस्तंभ गावात उभा आहे. त्या दिवशी बोलणी करावयास कोण पुढे झाले होते, याची बखर मराठीत आमच्या वाचनात आलेली नाही.

म्हणूनच वकिलांच्या पत्रांकडे वाङ्मय म्हणून पाहावे, असा आमचा आग्रह आहे. दिल्लीचे हिंगणे, हैदराबादचे गोविंदराव काळे यांची पत्रे राजवाडे, खरे प्रभृतींनी केव्हाच छापून ठेवली. समोरच्याचा चेहरा वाचणे, आपल्या धन्याच्या आज्ञेतील फट ओळखणे, अर्धे बोलून अर्धे राखणे, हे सारे त्यांच्या गद्यात आहे. इतिहासाच्या अभ्यासकांनी त्यांतून तारखा व आकडे काढून घेतले आणि पत्रे पुन्हा कपाटात ठेवली. दहावीच्या पुस्तकात गोविंदरावांचे एक पत्र भाऊसाहेबांच्या बखरीच्या उताऱ्याशेजारी छापले, तर कोणाचे मराठी अधिक कसदार यावर वर्गात चांगलीच चकमक होईल.