उजळ कण, चिकट अडचण

जून २०२० मध्ये आयसीएमआरने करोनाच्या जलद प्रतिजन चाचणीला मान्यता दिली, तेव्हा तिचं उणंही सोबतच सांगितलं होतं. विशिष्टता ९९.३ ते १०० टक्के, संवेदनशीलता मात्र ५०.६ ते ८४ टक्के. रेघ उमटली तर रोग आहे असं धरायचं. उमटली नाही आणि लक्षणं असली, तर आरटी-पीसीआर करायची. अशा पट्ट्यांवरची लालसर रेघ बहुधा सोन्याच्या नॅनोकणांची असते. प्रतिपिंड लावलेले हे कण पट्टीवर एका ओळीत पुरेसे साचले, तरच डोळ्याला काही दिसतं. त्यांच्या जागी स्वतः प्रकाश देणारे कण घातले तर? गेली वीस-पंचवीस वर्षं प्रयोगशाळा या प्रश्नामागे आहेत. शोधनिबंधांचा ढीग मोठा आहे, पण त्यातलं रुग्णापर्यंत किती पोचलं, हे पाहायला हवं.

या कामाची खरी पायाभरणी फिनलंडमधल्या तुर्कूची. रक्ताच्या नमुन्यात प्रकाश मोजताना मोठा अडथळा असतो तो नमुन्याच्या स्वतःच्या चमकण्याचा. सीरममधली प्रथिनं आणि प्लास्टिकची वाटी, दोन्ही चमकतात. पण ती चमक काही नॅनोसेकंदांत विझते. युरोपियमच्या संयुगांची चमक त्याच्या हजारो पट जास्त टिकते. म्हणून यंत्र अतिनील प्रकाशाचा झोत टाकतं, सुमारे ४०० मायक्रोसेकंद नुसतं थांबतं आणि मग ६१५ नॅनोमीटरचा लाल प्रकाश मोजतं. तोवर नको असलेला उजेड गेलेला असतो. ही युक्ती १९८० च्या दशकातच चाचण्यांत आली. पुढे २००१ च्या सुमारास तुर्कूच्याच संशोधकांनी १०७ नॅनोमीटरच्या पॉलिस्टायरिन कणांत प्रत्येकी तीस हजारांहून अधिक युरोपियम संयुगं भरली आणि प्रोस्टेटचं पीएसए हे प्रथिन मोजून दाखवलं. एका कणाला अनेक प्रतिपिंडं जोडलेली असल्याने त्याची पकडही घट्ट होते. या क्षेत्रातली सगळ्यात प्रामाणिक प्रगती मला हीच वाटते; पुढच्या बऱ्याच गाजावाजापेक्षा ती भक्कम आहे.

क्वांटम डॉट्स या चमकणाऱ्या अर्धवाहक नॅनोकणांच्या शोधाला २०२३ चं नोबेल मिळालं, पण निदानाच्या चाचण्यांत त्यांची छाप बेताचीच. ते लुकलुकतात, आणि अनेकांत कॅडमियम असतं.

अपकन्व्हर्जन कण जास्त विचार करायला लावतात. इटर्बियम आणि अर्बियम घातलेले हे स्फटिक ९८० नॅनोमीटरचा अदृश्य अवरक्त प्रकाश शोषतात आणि हिरवा-लाल प्रकाश देतात. रक्तातलं जवळजवळ काहीच हे करत नाही, त्यामुळे पार्श्वभूमीचा उजेड मुळात निर्माणच होत नाही. रेगेन्सबुर्ग आणि ब्रनो इथल्या गटांनी २०१७ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली असे कण एकेक करून मोजले आणि २५ टक्के सीरममध्ये मिलिलिटरला सुमारे १.२ पिकोग्रॅम पीएसए पकडलं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या गटाने २०२० मध्ये नॅनोहिऱ्यांचा प्रकाश सूक्ष्मलहरींनी लयीत कमीजास्त केला आणि तेवढ्याच लयीतला प्रकाश मोजून सोन्याच्या कणांपेक्षा एक लाख पट सुधारणा नोंदवली.

एक लाख पट! पण हा आकडा बायोटिन आणि अ‍ॅव्हिडिन या जोडीवरचा. निसर्गातल्या सर्वांत घट्ट जोड्यांत ती मोडते. नेहमीची प्रतिपिंडं तिच्या जवळपासही जात नाहीत. दिव्याची ताकद दाखवायला ती योग्य, पण चाचणीची ताकद त्यावरून सांगता येत नाही.

मूळ दुखणं इथेच आहे. तीस हजार संयुगांचा कण खऱ्या रेणूला चिकटला तर तीस हजारांचा उजेड देतो, आणि चुकून वाटीच्या तळाला चिकटला तरी तेवढाच देतो. मोजणारं यंत्र या दोघांत फरक करू शकत नाही. नमुन्याची चमक आपण वेळेने किंवा अवरक्त प्रकाशाने दूर केली. कणाचा चिकटपणा मात्र तसाच राहिला, आणि कण मोठा, त्याचा पृष्ठभाग मोठा, म्हणून तो अनेकदा वाढलाच. आज संवेदनशीलतेची मर्यादा ठरते ती कोऱ्या नमुन्यातून येणाऱ्या खोट्या संकेताने आणि प्रतिपिंडाच्या गुणवत्तेने. तरीही नवा कण बनवणाऱ्या निबंधांची संख्या मोठी आणि कणावरचं आवरण सुधारणाऱ्यांची थोडी, कारण उजळ कणाचं छायाचित्र मुखपृष्ठावर शोभतं.

दोन उदाहरणं बोलकी आहेत. हृदयविकारासाठीची अतिसंवेदनशील ट्रोपोनिन चाचणी दवाखान्यांत रुळली ती रसायनदीप्तीसारख्या जुन्या तंत्रावर, चांगली प्रतिपिंडं निवडून. तिथे दीप्तिमान नॅनोकणांची गरज पडली नाही. दुसरं नेदरलंड्समधल्या लायडनचं. तिथल्या गटाने अपकन्व्हर्जन कणांच्या पट्टीवर शिस्टोसोमा कृमीचं प्रतिजन शोधलं. त्यांच्या एका अतिशय संवेदनशील प्रकारात दोन मिलिलिटर लघवी आटवून घेतात. म्हणजे श्रेय कणाचं आहे, तसंच नमुना आटवण्याचंही आहे, आणि त्यांनी ते लपवलेलं नाही.

याच गटाची कुष्ठरोगाची पट्टी आपल्याला जवळची, कारण जगातले निम्म्याहून अधिक नवे कुष्ठरुग्ण भारतात सापडतात. ती रोगजंतूच्या पीजीएल-१ या मेदघटकाविरुद्धची प्रतिपिंडं मोजते. डोळ्याने अंदाज करायचा नसल्याने निकाल आकड्यात मिळतो, ही मोठी सोय. पण कमी जंतू असलेल्या रुग्णांच्या शरीरात ही प्रतिपिंडं बहुधा फारशी नसतातच. तिथे कण कितीही उजळ असला तरी काय मोजणार?

म्हणून संपादकांना आणि परीक्षकांना एक विनंती. शोध-मर्यादेचा आकडा बफरमधला नको, रुग्णांच्या न पातळलेल्या सीरममधला मागा. कोऱ्या नमुन्यांचा विखुराव मागा. तुलना साध्या एलायझाशी न करता आज दवाखान्यात चालू असलेल्या सर्वोत्तम चाचणीशी करायला लावा. एवढं मिळेपर्यंत 'अतिसंवेदनशील' हा शब्द शीर्षकात छापू नका.